सांडपाण्यातली औषधे एसटीपीत कशी काढायची: नमुन्यापासून निविदेपर्यंत

एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) रोजच्या नोंदवहीत पीएच, बीओडी (पाण्यातली घाण खाताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी, टीएसएस, फीकल कोलिफॉर्म असे रकाने असतात. कार्बामॅझेपिनचा किंवा डायक्लोफिनॅकचा रकाना कुठेच नसतो. त्यामुळे बीओडी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत आला की केंद्र उत्तम चालले आहे, असे आपण मानतो. बीओडीपुरते ते खरेही असते. पण फिट्सवरचे कार्बामॅझेपिन त्याच केंद्राच्या जैविक टाकीतून, म्हणजे जीवाणू घाण खातात त्या टाकीतून, जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. वेदनाशामक डायक्लोफिनॅक थोडेफार कमी होते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन बरेच कमी झालेले दिसते, पण त्याचे ग्वानिलयुरिया हे दुसरे संयुग झालेले असते आणि ते पुढे सहजी तुटत नाही.

कायद्याने आज हे मोजण्याची सक्ती नाही. केंद्र सरकारची २०१७ ची सांडपाण्याची मानके असोत की राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलेली कडक मानके, औषधांचा उल्लेख दोन्हींत नाही. जानेवारी २०२० च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी प्रतिजैविकांच्या मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळल्या. तरीही हे काम आत्ताच हाती घ्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्याकडे एका शहराचे सांडपाणी हा खालच्या शहराचा पाणीसाठा असतो. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि सोलापूर उजनीचे पाणी पिते.

नॅनोग्रॅममध्ये मोजायच्या मात्रेने काय बिघडणार, हा प्रश्न नेहमी येतो. कॅनडाच्या ओंटारिओत संशोधनासाठी राखून ठेवलेल्या एका तलावात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतले एथिनिलएस्ट्रॅडिऑल सोडले गेले. पाण्यातले प्रमाण लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम होते. नर माशांमध्ये मादीची लक्षणे दिसू लागली आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची संख्या जवळजवळ संपली. प्रतिजैविकांचा धोका वेगळा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी लिटरमागे सुमारे ०.०६ मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली गेली आहे. तिच्या वर प्रतिरोधक जीवाणूंना फायदा मिळण्याची शक्यता धरली जाते.

हा लेख नगरपरिषद-महापालिकेचे अभियंते, एसटीपी चालवणारे लोक आणि स्वतःचे केंद्र असलेल्या मोठ्या सोसायट्यांसाठी आहे. उदाहरणासाठी २० एमएलडीचे (१ एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर), अॅक्टिव्हेटेड स्लज पद्धतीचे (हवा दिलेल्या टाकीत जीवाणूंचा गाळ घाण खातो ती पद्धत) एक केंद्र धरले आहे. आकडे आपल्या केंद्राप्रमाणे बदलून घ्या.

पायरी १: दहा-बारा औषधे निवडा

बाजारात हजारो औषधे आहेत. सगळी मोजायला गेलात तर पैसे संपतील आणि हाती काही लागणार नाही. स्वित्झर्लंडने यातून चांगला मार्ग काढला. तिथे २०१६ पासून ठरावीक केंद्रांना औषधे आणि तत्सम सूक्ष्म प्रदूषके ८० टक्के काढणे बंधनकारक आहे. त्यासाठी १२ निर्देशक पदार्थांची यादी आहे आणि केंद्र त्यांतले काही मोजून सरासरी दाखवते. यादीत कार्बामॅझेपिन, डायक्लोफिनॅक, मेटोप्रोलॉल, व्हेन्लाफॅक्सिन, सिटॅलोप्रॅम, क्लॅरिथ्रोमायसिन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही आपल्याकडेही लिहून दिली जाणारी औषधे आहेत.

आपल्या यादीत तीन प्रकारचे पदार्थ हवेत. पहिला, जैविक टाकीत सहज संपणारे: पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन, कॅफिन. हे बाहेरच्या पाण्यात ठळक दिसले तर तुमची जैविक प्रक्रियाच आजारी आहे, औषध शोषून धरणारा कार्बन आणि औषध तोडणारा ओझोन या पुढच्या उपायांची चर्चा थांबवा. दुसरा, टाकीला दाद न देणारे: कार्बामॅझेपिन आणि काही प्रमाणात डायक्लोफिनॅक, मेटोप्रोलॉल. पुढची यंत्रणा काम करते की नाही ते हेच सांगतील. तिसरा, आपल्या शहराची खास गरज: सिप्रोफ्लॉक्सासिन, अॅझिथ्रोमायसिन, सल्फामेथॉक्साझोल ही प्रतिजैविके, मेटफॉर्मिन, आणि सीटी स्कॅनची केंद्रे बरीच असतील तर आयोहेक्सॉलसारखे कॉन्ट्रास्ट द्रव्य.

पायरी २: नमुना नीट घ्या, नाहीतर घेऊच नका

बहुतेक मोजण्या वाया जातात त्या प्रयोगशाळेत नव्हे, केंद्रावरच. सकाळी अकरा वाजता बादली बुडवून घेतलेल्या नमुन्याला इथे काडीची किंमत नाही. औषधाची आवक तासातासाला बदलते. सकाळच्या लघवीबरोबर मोठा लोट येतो, रात्री जवळजवळ काही नसते. म्हणून २४ तासांचा, शक्य असल्यास ४८ तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला मिश्र नमुना हवा. ऑटोसँपलर (आपोआप नमुना घेणारे यंत्र) नसेल तर दर तासाला नमुना घ्या आणि फ्लो मीटरच्या नोंदीप्रमाणे मिसळा: ज्या तासाला प्रवाह दुप्पट, त्या तासाचे पाणी दुप्पट.

आवक आणि जावक यांचे नमुने एकाच घड्याळावर घेऊ नका. पाणी केंद्रात जितका वेळ थांबते तितक्या उशिराने जावकेचा नमुना सुरू करा. २० तास थांबत असेल तर २० तासांनी. नाहीतर सोमवारी आत आलेल्या पाण्याची तुलना रविवारी आत आलेल्या पाण्याच्या जावकेशी होते.

बाटल्या गडद तपकिरी काचेच्या, प्रयोगशाळेनेच धुऊन दिलेल्या असाव्यात. डायक्लोफिनॅक उजेडात तुटते. नमुना सुरुवातीपासून ४ अंशांवर ठेवा, मिश्रण चालू असतानासुद्धा. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेल्या कॅनमध्ये २४ तासांत निम्मे पॅरासिटॅमॉल जीवाणू खाऊन टाकतील आणि आवक खोटी कमी दिसेल. क्लोरिनेशननंतर नमुना घेत असाल तर उरलेला क्लोरीन मारण्यासाठी कोणते द्रव्य आणि किती घालायचे ते प्रयोगशाळेला आधी विचारा. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी अंगाला वेदनाशामक जेल लावलेले नसावे, कारण त्यात डायक्लोफिनॅक असते. बाटल्यांजवळ चहाचा कपही नको, कॅफिन मोजायचे आहे.

तपासणी एलसी-एमएस-एमएस या, नॅनोग्रॅममधल्या मात्रा मोजणाऱ्या यंत्रावरच होते. प्रयोगशाळा निवडताना तीन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक औषधाची नोंद-मर्यादा (खात्रीने मोजता येणारी किमान मात्रा) किती नॅनोग्रॅम, समस्थानिक-चिन्हित अंतर्गत मानके (त्याच औषधाचे जड अणूंचे रूप, तुलनेसाठी नमुन्यात घातलेले) वापरता का, आणि आमच्याच पाण्यात ठरावीक मात्रा घालून ती किती टक्के परत मिळाली. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देता न येणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल सांडपाण्यासाठी धरू नका. मैलापाण्यातले इतर पदार्थ यंत्राचा संकेत दाबतात आणि औषध असूनही नाही असे दिसते.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशा दोन्ही फेऱ्या करा. पावसाळ्यात नाल्याचे पाणी शिरते, सांद्रता घटते आणि केंद्र सुधारल्याचा भास होतो.

पायरी ३: सांद्रतेचे वजन करा

एक सोपे सूत्र लक्षात ठेवा: लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आणि १ एमएलडी म्हणजे दिवसाला १ ग्रॅम. आपल्या २० एमएलडीच्या केंद्रात कार्बामॅझेपिन १ मायक्रोग्रॅम निघाले, तर रोज २० ग्रॅम नदीत जाते. २०० मिलिग्रॅमच्या १०० गोळ्यांइतके. आवक-जावक तुलना याच ग्रॅममध्ये करा.

कधी कधी जावकेत औषध जास्त निघते. लगेच प्रयोगशाळेला दोष देऊ नका. यकृत अनेक औषधांना एक साखरेसारखा गट जोडून लघवीत टाकते. त्या रूपात ते तपासणीत दिसत नाही. टाकीतले जीवाणू तो गट तोडतात आणि मूळ औषध पुन्हा प्रकट होते. कार्बामॅझेपिन आणि डायक्लोफिनॅकमध्ये हे घडते.

सिप्रोफ्लॉक्सासिनचे उलटे आहे. पाण्यातून ते ८० टक्के कमी झाले म्हणून खूश होऊ नका. त्यातले बहुतेक गाळाला चिकटलेले असते. म्हणून सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या गाळाचाही एक नमुना पाठवा.

पायरी ४: आधी जैविक टाकी दुरुस्त करा

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगेन. ती जवळजवळ फुकट आहे, आणि ती टाळून पुढे गेलात तर पुढचा प्रत्येक रुपया अर्धा वाया जातो.

औषधे खाणारे जीवाणू सावकाश वाढतात. गाळ लवकर काढून टाकला तर ते टिकतच नाहीत. म्हणून गाळाचे वय, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो ते, महत्त्वाचे. हिशेब असा: एरेशन (हवा देण्याची) टाकी ८,००० घनमीटर, एमएलएसएस (टाकीतल्या गाळाची सांद्रता) लिटरमागे ३,५०० मिलिग्रॅम, म्हणजे टाकीत २८,००० किलो गाळ. रोज ३,५०० किलो गाळ काढत असाल तर वय ८ दिवस. २,३०० किलोच काढलात तर ते १२ दिवसांकडे जाते. युरोपातल्या थंड पाण्यात १० दिवसांच्या आसपास आयबुप्रोफेनसारखी औषधे नीट संपू लागलेली दिसली. आपले पाणी २५ ते ३० अंशांचे, त्यामुळे १० ते १५ दिवसांत आपल्याला अधिक चांगला परिणाम मिळायला हरकत नाही.

हा बदल एका रात्रीत करू नका. गाळ कमी काढला की एमएलएसएस चढतो, क्लॅरिफायरवर (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवर) ताण येतो, गाळ वाहून जाऊ लागतो. काढण्याचे प्रमाण आठवड्याला दहा टक्क्यांनी कमी करा, एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो त्याचा निर्देशांक) रोज पाहा आणि १५० च्या वर जाऊ लागला की थांबा. ब्लोअरची क्षमताही तपासा, कारण जुन्या गाळाला जास्त हवा लागते. विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर फाटलेले असतील तर आधी ते बदला. एसबीआर (एकाच टाकीत भरणे, हवा देणे, निवळणे अशी आवर्तने चालणारे केंद्र) असेल तर हेच काम आवर्तनातला हवेचा वेळ वाढवून करायचे.

जावकेतला अमोनिया १ मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्राइट शून्याजवळ, हे लक्ष्य ठेवा. नायट्राइटचे महत्त्व पुढे ओझोनच्या वेळी कळते: १ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन जवळजवळ साडेतीन मिलिग्रॅम ओझोन गिळतो. अर्धवट नायट्रिफिकेशन (अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट होणे) होणाऱ्या केंद्रावर ओझोन बसवला तर तो औषधांपर्यंत पोचतच नाही, नायट्राइट जाळण्यातच संपतो.

आणखी एक गोष्ट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांप्रमाणे देशात रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ एमएलडीवर होत होती. तुमच्या शहरातला मोठा नाला थेट नदीत जात असेल तर पहिला पैसा तो अडवून केंद्रात आणण्यावर लावा. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन, कॅफिन यांचा भार त्याने जितका घटेल तितका ओझोनने घटणार नाही.

पायरी ५: जार टेस्ट करा

आपल्या पाण्याला किती कार्बन लागेल ते या चाचणीतून कळते. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीसाठी वापरतात ते सहा भांड्यांचे जार टेस्टचे यंत्र इथे चालते. क्लॅरिफायरनंतरचे पाणी सहा भांड्यांत घ्या. त्यांत भुकटी कार्बन लिटरमागे ०, ५, १०, १५, २० आणि ३० मिलिग्रॅम घाला. अर्धा तास ढवळा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजा. त्यांतले तीन नमुने औषधांच्या तपासणीला पाठवा. शोषणातली घट आणि औषधांतली घट यांचा आलेख एकदा बसला की रोजची देखरेख शोषणावरच करता येते. महागडी तपासणी मग तिमाहीला पुरते.

कार्बन विकणारे आयोडिन क्रमांक (कार्बन किती आयोडिन शोषतो त्याचे माप) दाखवतील. त्यावर निर्णय घेऊ नका. आपल्याकडे नारळाच्या करवंटीचा कार्बन उत्तम मिळतो, पण त्याची छिद्रे फार बारीक असतात. सांडपाण्यातले मोठे सेंद्रिय रेणू त्या छिद्रांची तोंडे अडवतात. कोळशापासून बनवलेला, मध्यम छिद्रांचा कार्बन कमी आयोडिन क्रमांक असूनही कधी कधी जास्त औषध धरतो. निदान तीन नमुने मागवून आपल्याच पाण्यावर तपासा.

पायरी ६: कार्बन की ओझोन

स्वित्झर्लंडमध्ये ड्यूबेनडॉर्फजवळच्या नॉयगुट केंद्राने २०१४ मध्ये देशातला पहिला पूर्ण क्षमतेचा ओझोन टप्पा सुरू केला. इतर अनेक केंद्रांनी कार्बन निवडला. दोन्ही रीतींनी ८० टक्के गाठता येतात. निवड तुमच्या पाण्यावर अवलंबून आहे.

ओझोनची मात्रा विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनवर ठरते, साधारण प्रत्येक ग्रॅमला अर्धा ग्रॅम. आपल्या पाण्यात तो ८ मिलिग्रॅम असेल तर ओझोन ४ मिलिग्रॅम, म्हणजे २० एमएलडीला रोज ८० किलो. किलोमागे निव्वळ निर्मितीला १० युनिटच्या आसपास वीज धरा, म्हणजे रोज ८०० युनिट. ऑक्सिजन बनवण्याची वीज वेगळी. संपर्क टाकीत २० मिनिटे थांबवायचे तर २८० घनमीटरची झाकलेली टाकी लागेल. कार्बामॅझेपिन, डायक्लोफिनॅक, सल्फामेथॉक्साझोल ओझोनपुढे झटकन तुटतात. एक्स-रेची आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव्ये मात्र तग धरतात.

ओझोन औषध नाहीसे करत नाही, तोडतो. तुकडे खाऊन टाकायला मागे वाळूचा किंवा जैविक कार्बनचा फिल्टर हवाच. फिल्टरशिवाय ओझोनचा प्रस्ताव आला तर परत पाठवा. हवेत ०.१ पीपीएमच्या वर ओझोन आरोग्याला घातक आहे. गळतीचे सेन्सर, वायू नष्ट करणारे यंत्र आणि प्रशिक्षित माणूस यांचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरा.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यालगतच्या शहरांसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: ब्रोमाइड मोजल्याशिवाय ओझोनचा विचार करू नका. भरतीचे पाणी जुन्या मलवाहिन्यांत शिरते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. सांडपाण्यात त्याचा एक टक्का जरी मिसळला तरी ६५० मायक्रोग्रॅम झाले. १०० च्या वर गेल्यापासूनच काळजी सुरू होते, कारण ओझोन ब्रोमाइडचे ब्रोमेट करतो. ब्रोमेटमुळे कर्करोगाची शक्यता असल्याने पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. अशा ठिकाणी कार्बनच बरा. ज्या केंद्रात औद्योगिक वसाहतीचे पाणी येते तिथेही हीच खबरदारी.

भुकटी कार्बन १५ मिलिग्रॅमने घातला तर रोज ३०० किलो लागेल. भांडवली खर्च कमी, पण मागे चांगला फिल्टर हवा, नाहीतर काळी भुकटी औषधासकट नदीत जाते. दाणेदार कार्बनची रीत चालवायला सोपी. पाणी २५ मिनिटे थांबवायचे तर सुमारे ३५० घनमीटर कार्बन, वजनाने दीडशे टनांच्या आसपास. थराच्या आकारमानाच्या २५,००० पट पाणी गेल्यावर तो थकतो असे धरले, तर साधारण १४ महिन्यांनी बदल. थकलेला कार्बन पुन्हा तापवून ताजा करणारा कारखाना किती दूर आहे, हे आधी पाहा. देखभालीला माणसे कमी असलेल्या नगरपरिषदेने दाणेदार कार्बनकडे जावे. त्याची यंत्रणा साधी असते आणि वीज गेली तरी बिघडत नाही.

क्लोरीनबद्दल थोडक्यात: तो जंतूंसाठी आहे, औषधांसाठी नाही. पॅरासिटॅमॉलशी त्याची अभिक्रिया होऊन मूळ औषधापेक्षा विषारी पदार्थ बनू शकतात. निर्जंतुकीकरणाच्या मात्रेतला यूव्हीही पुरेसा नाही. आरओ औषधे उत्तम अडवतो, पण ती नाकारलेल्या पाण्यात घट्ट होऊन बसतात. ते पाणी पुन्हा गटारात सोडायचे असेल तर काही साधले नाही.

पायरी ७: गाळ आणि उगम

भुकटी कार्बनचा गाळ शेतात जाता कामा नये. स्वित्झर्लंडमध्ये तो जाळला जातो. आपल्याकडे सिमेंट भट्टीत इंधन म्हणून देण्याचा पर्याय तपासा. कार्बन नसलेल्या केंद्रातही गाळात सिप्रोफ्लॉक्सासिन असते, म्हणून तो शेतकऱ्याला देण्यापूर्वी नीट कंपोस्ट करा आणि तपासा.

उगमाकडे पाहताना नजर आधी रुग्णालयावर जाते. तिथे प्रतिजैविके आणि कर्करोगाची औषधे एकवटलेली असतात. डेन्मार्कमधल्या हेर्लेव्ह रुग्णालयाने २०१४ मध्ये स्वतःचे पूर्ण केंद्र उभारले. पण शहराच्या एकूण भाराचा मोठा भाग घराघरांतूनच येतो. कॉन्ट्रास्ट द्रव्य मात्र उगमापाशी धरता येते. ते शरीरातून न बदलता, बहुतेक २४ तासांत लघवीवाटे जाते. जर्मनीत सीटी स्कॅननंतर रुग्णांना लघवीच्या पिशव्या देण्याचे प्रयोग झाले. आपल्या मोठ्या स्कॅन केंद्रांना हे सुचवायला हरकत नाही.

उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नयेत, हे पाणीपट्टीच्या बिलावर छापा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये फेंटानिल, ट्रामाडॉल यांसारख्या १७ औषधांना अपवाद केला आहे, कारण ती घरात पडून राहणे जिवावर बेतू शकते. बाकीच्यांसाठी औषध विक्रेत्यांच्या संघटनेशी बोलून दुकानात डबा ठेवा आणि तो जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीला जोडा. जवळपास औषध कारखाने असतील तर त्यांचे पाणी महापालिकेच्या वाहिनीत येऊच देऊ नका. हैदराबादजवळच्या पटणचेरूत सुमारे ९० कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या केंद्राच्या जावकेत सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले होते. हा अभ्यास २००७ चा. तिथला एक लिटर पाच लाख लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावा लागेल, तेव्हा कुठे वर सांगितलेली ०.०६ ची पातळी येईल. असा भार कोणत्याही शहरी एसटीपीला पेलणार नाही.

पायरी ८: पैसा आणि निविदा

स्वित्झर्लंडने प्रत्येक रहिवाशामागे वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार लावून निधी उभा केला. त्यातून केंद्रांना या टप्प्याच्या भांडवली खर्चाचा तीन-चतुर्थांश मिळतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने पुढचे पाऊल टाकले: दीड लाख लोकसंख्येइतका किंवा त्याहून जास्त भार असलेल्या केंद्रांना २०४५ पर्यंत सूक्ष्म प्रदूषके काढणारा हा चौथा टप्पा बसवायचा आहे आणि त्याचा निदान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी द्यायचा आहे. उद्योगाचा त्याला विरोध आहे. आपल्याकडे तशी तरतूद होईपर्यंत व्यवहार्य रस्ता पुनर्वापराचा आहे. नागपूर आपले प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देते. असा ग्राहक मिळाला तर पाणी चकाकवण्याचा काही खर्च विक्रीतून निघतो.

निविदेत ‘सूक्ष्म प्रदूषके काढणारी यंत्रणा’ एवढेच लिहू नका. पायरी १ मधली औषधे नावानिशी लिहा. आवकेच्या तुलनेत सरासरी ८० टक्के घट, ग्रॅममध्ये मोजून, उन्हाळ्यात व पावसाळ्यात स्वतंत्र, आणि नमुना घेणारी प्रयोगशाळा ठेकेदाराने नव्हे तर पालिकेने निवडलेली, अशा अटी घाला. मुख्य यंत्रणेआधी सहा महिन्यांचे लहान प्रायोगिक यंत्र चालवण्याची अट ठेवा आणि त्यात एक पावसाळा येऊ द्या. देखभालीचा करार निदान पाच वर्षांचा हवा. त्यात कार्बन बदलण्याची किंवा ओझोन निर्मितीची प्रतिकिलो किंमत गोठवलेली असावी, आणि तिमाही तपासणीत घट ८० च्या खाली आली तर देयकातून किती कपात होईल तेही आकड्यात लिहिलेले असावे.